दहा नंबरचा पाना

४ जानेवारी, सकाळी ९

निर्णय पक्का. गाडी तीच ठेवायची, इंजिन बदलायचं. माणसाचं हृदय बदलतात, मग गाडीला काय धाड भरली?

ही वही नवीन आहे. पाणीखात्यात अडतीस वर्षं व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले, रोज लॉगबुक भरलं. शिक्षण सातवीपर्यंत, पण एकही ओळ खोटी लिहिली नाही. इथेही लिहिणार नाही.

२८ मार्चला हिला जाऊन वर्ष होईल. त्या दिवशी बेबीला गाडीत पुढे, तिच्या आईच्या जागेवर बसवून तलावावर न्यायचं. आम्ही दोघं रविवारी तिथेच जायचो. बेबी सेहेचाळीस वर्षांची आहे, पण आमची बेबीच. वर्षभर माझ्याशी फोनवर कामापुरतं बोलते. गोळ्या घेतल्या का, घेतल्या, ठेवते. नव्या इंजिनाची गाडी बघितली की तिला कळेल की त्या दिवशी दोष कुणाचा होता.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने मला एक प्रश्न विचारला होता. तो इथे लिहीत नाही.

५ जानेवारी

मिस्त्री आला. त्याच्या गॅरेजात जागा नाही, काम आमच्याच शेडमध्ये करणार. प्लग काढून बघितले, तेल बोटावर घेऊन हुंगलं. म्हणाला, काका, इंजिन ठणठणीत आहे, काढता कशाला? मी म्हणालो, त्या दिवशी चालू झालं नाही. किती दिवस झालं नाही? एकच दिवस. म्हणाला, एका खाड्यावरून तर माणसालाही कामावरून काढत नाहीत.

फार बोलतो.

मग म्हणाला, ही बॅटरी वर्षभरात उतरलीय, दुसरी लावून एकदा चालू करून तरी बघू. मी साफ नाही म्हणालो. गुन्हेगाराला फाशी देताना त्याच्याकडून गाणं म्हणून घेत नाहीत. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि टोपी डोक्यावर नीट केली.

छातीत धडधड. गॅसेस असावेत.

९ जानेवारी, संध्याकाळी ७

नवी बॅटरी आणून बसवली. गाडीचं इंजिन पुढच्या आठवड्यात निघेल, पण बॅटरी हवी. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दहा नंबरच्या पान्याने तिची वायर काढली. मिस्त्री अवजारं आवरत होता. रोज काढता? रोज. का? मी त्याला समजावलं की रात्री चालू राहिलेली वस्तू रात्रीत फुटते. पंपहाऊसवर हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून झोपायच्या आधी नळ, गॅस, पंप, गाडी, सगळं बंद. तीस वर्षांत चुकलो नाही.

म्हणाला, आणि सकाळी लावता?

हा काय प्रश्न झाला? काढतो तर लावणारच. तो म्हणाला, लावल्याचं आठवतं का? मी म्हणालो, दात घासल्याचं तरी कुठे आठवतं? सकाळची कामं हात करतात, डोकं नाही. तीस वर्षं गाडी रोज पहिल्या चावीला चालू झाली, हा पुरावा.

मिस्त्री चहाला न थांबता गेला. पहिल्यांदाच.

१७ जानेवारी

इंजिन निघालं. शेडच्या तुळईला साखळीचा पुली-ब्लॉक अडकवून वर ओढलं. हवेत लोंबकळत जरासं फिरलं आणि माझ्याकडे तोंड करून थांबलं. इंजिनाला तोंड नसतं हे मला कळतं. तरी.

आता ते शेडच्या कोपऱ्यात जुन्या टायरवर बसलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमकं दिसतं. चहा करताना पाठ त्याच्याकडे करून उभा राहिलो. चहा उतू गेला.

१८ जानेवारी

तेल सगळं काढलं होतं तरी सकाळी खाली थेंब. मिस्त्री म्हणतो, राहतं थोडं आत. इतकी वर्षं पोटात होतं, एकदम कसं जाईल?

चादर टाकून झाकलं. नंतर लक्षात आलं की चादर हिची होती. काढायला गेलो, पण झाकलेलं बघून हात लावायचा धीर होईना. खिडकीला पेपर चिकटवला.

मिस्त्रीने दिवे तपासायला लावलेली वायर संध्याकाळी काढली. मिस्त्री म्हणाला, काका, गाडीत इंजिनच नाही. मी म्हणालो, सावधगिरीला इंजिन लागत नाही.

२ फेब्रुवारी

नवं इंजिन आलं. नवं म्हणजे मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं. आधीच्यापेक्षा थोरलं. बसत नाही. पाय जुळत नाहीत, म्हणजे ज्या ठोकळ्यांवर इंजिन टेकतं ते. ते कापून नवे वेल्ड करायचे. रेडिएटरचा पाइप आखूड पडतो. एअर फिल्टरचा डबा इतका उंच की बॉनेट लागत नाही.

शेजारचे हेडमास्तर कुंपणावरून बघत होते. म्हणाले, दुसऱ्याचा कोट घालायचा तर बाह्या दुमडाव्या लागतात. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, अजून फळा दिसतो यांना. पण त्या दिवशी त्यांच्याच गाडीतून हिला नेलं, म्हणून मी उलट बोलत नाही.

ठराव: रोज वीस मिनिटं चालायचं. उद्यापासून.

५ फेब्रुवारी

चाललो नाही. गुडघा.

११ फेब्रुवारी

गाडीचं डावं दार आपोआप उघडतं. मी लावतो, थोड्या वेळाने बघावं तर चार बोटं उघडं. हिच्या बाजूचं दार. मिस्त्री म्हणतो, जड वजन निघालं म्हणून बॉडी उचलली गेलीय, इंजिन बसलं की लागेल. मिस्त्रीकडे सगळ्याचं कारण असतं.

दार उघडं दिसलं की वाटतं कुणीतरी आत्ताच उतरून बाहेर गेलंय. त्या पहाटेही तसंच. साडेपाचला हिला घाम फुटला, हात गार पडले. मी म्हणालो, गाडी काढतो, तू पडून राहा. तर ही उठायला लागली. बाहेर जायचं म्हणे. शेडकडे बोट दाखवत होती. मी दोन्ही खांदे धरून बसवलं. पुन्हा उठली. पुन्हा बसवलं, रागावलोसुद्धा. हवा हवी असेल तिला. मग मी चावी फिरवली तर गाडी मुकी. टक् नाही की टुक् नाही. मी फिरवतच राहिलो. नंतर हेडमास्तरांचं दार वाजवलं, ते उठले, त्यांची चावी सापडेना.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात.

१९ फेब्रुवारी

मिस्त्रीला दहा नंबरचा पाना हवा होता. त्याचा सापडेना, माझा काढायला मी पेटी उघडली. तो पाणी प्यायला आत गेला आणि हातात पाना घेऊन आला. म्हणाला, हा काय, चहाच्या गाळणीशेजारी खिळ्याला टांगलाय.

माझा नाही. माझा पेटीत असतो. याच्या दांड्याला फडकं गुंडाळून वर टाके घातलेत. बारीक, एकसारखे टाके. थंडीत लोखंड हाताला लागू नये म्हणून घालावेत तसे. मिस्त्री म्हणाला, तुमच्या घरात पान्याला स्वेटर घालतात?

मी म्हणालो, जागेवर ठेव. काम झाल्यावर त्याने ठेवला. खिळ्यावर बराच वेळ हलत होता. मी पंखा बंद केला, तरी.

२० फेब्रुवारी

चहा बाहेर प्यायला सुरुवात केली आहे. प्रकृतीला बदल हवा.

६ मार्च

मिस्त्री जुनं इंजिन घेऊन गेला. बरं झालं, ब्याद गेली. चादर धुवून वाळत घातली. डाग गेला नाही.

आणखी एक तक्रार नोंदवायची आहे. रोज सकाळी सहाला कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचं शटर ठप्प करून वाजायचं. तीस वर्षं मी त्या आवाजावर उठतो. हल्ली वाजतच नाही, उठायला सात-साडेसात होतात. दूधवाला आळशी झालाय. सांगायला हवं.

१५ मार्च, दुपारी

विचित्र प्रकार. आरामखुर्चीत डोळा लागला होता. एकदम ठप्प. तेच शटर. मी उठून बसलो आणि हाक मारली, अगं, चहा टाक.

मग आठवलं.

दुपारी तीनला शटर कसं वाजेल? बाहेर मिस्त्री एकटाच होता. एअर फिल्टरचा डबा बाजूला सरकवून बॉनेट लागतंय का बघत होता. त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२६ मार्च

इंजिन चालू झालं! पहिल्या चावीला. मिस्त्रीने शेडभोवती दोन चकरा मारल्या, मला शेजारी बसवून. आवाज थोडा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. पण दार आता लागतं. हेडमास्तरांनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. मी मिस्त्रीला म्हणालो, बघ, दोष इंजिनाचाच होता. तो हात पुसत राहिला. म्हणाला, काका, तुम्हाला बरं वाटलं ना, मग झालं.

बेबीला फोन केला. येते म्हणाली. तलावावर जायचंय म्हणालो, तर किती वाजता ते विचारून म्हणाली, बरं. वर्षभरातला सगळ्यात मोठा फोन.

२७ मार्च, संध्याकाळी ८

हिच्या बाजूची सीट पुसली. कप्प्यात हिचा रुमाल आणि आल्याच्या वड्यांची पुडी सापडली. वड्या विरघळून एकच झाली आहे. तशीच राहू दिली.

गोळी घेतली. नळ, गॅस, पंप, गाडी. सगळं बंद करून झोपतो. उद्या काही चुकायला नको.

२८ मार्च

लिहायला बसलोय. लॉगबुक आहे, लिहायला हवं.

बेबी दहाला आली. उठायला मला आठ वाजले होते, त्यामुळे घाई. मिस्त्री खास आला होता. हेडमास्तर इस्त्रीच्या शर्टात. बेबी पुढे बसली. पट्टा लावला. मी म्हणालो, आता बघ. चावी फिरवली.

टक् नाही की टुक् नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा. हेडमास्तर खिडकीशी वाकून म्हणाले, त्या दिवशीसुद्धा डिट्टो असंच झालं होतं. मी मिस्त्रीवर ओरडलो. कसलं इंजिन माझ्या गळ्यात मारलंस, परवा चालतं आणि आज नाही? हेही त्याच्याच जातीचं निघालं! मिस्त्रीने बॉनेट उघडलं. आत बघितलं आणि बाजूला सरकून उभा राहिला. टोपी काढली.

बेबी उतरली. तिनेही बघितलं. मला सीटवरून फक्त उघडं बॉनेट दिसत होतं. मी विचारलं, काय झालंय? बेबी घरात गेली. काही विचारलं नाही, शोधलं नाही, सरळ गेली आणि सरळ आली. हातात गाळणीशेजारचा पाना. दोन वेढे दिल्याचा आवाज आला. मग तिने बॉनेट वीतभर वरून सोडलं.

ठप्प.

खिडकीशी येऊन म्हणाली, बाबा, तुम्ही काल वायर काढलीत. आई रोज सकाळी सहाला लावायची. मी शाळेत होते तेव्हापासून. मी एकदा म्हटलं होतं, त्यांना सांग ना. तर म्हणाली, काढू दे गं, त्यांना झोप लागते त्याने. लावायला काय, दोन वेढे.

हेडमास्तर आपल्या घरी गेले. काही न शिकवता.

व्हरांड्यातला तिचा प्रश्न आता लिहितो. तिने विचारलं होतं, बाबा, वायर लावली होती का? मी म्हणालो होतो, तुला माझ्यावर विश्वास नाही का?

ही हवेसाठी उठत नव्हती. मी दोनदा बसवलं.

गाडी पहिल्या चावीला चालू झाली. मला चालवता येईना. बेबीने चालवली, मी हिच्या जागेवर बसलो. तलावावर दोघं बराच वेळ होतो. बेबी रडली, मग म्हणाली, डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, वीस मिनिटांनी फरक पडला असता की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, वड्यांची पुडी द्या. पुडीतली ढेप फोडून अर्धी मला दिली.

२९ मार्च

मिस्त्रीकडे गेलो. जुनं इंजिन परत दे म्हणालो. म्हणाला, ते लाँड्रीच्या गाडीत बसवलं, पहिल्या चावीला चालू झालं. मी म्हणालो, होणारच.

येताना दूधवाल्याकडे थांबलो. दुकानाला शटर नाही. लाकडी फळ्या आहेत. कधीपासून? म्हणाला, काका, आजोबांच्या वेळेपासून.

३ एप्रिल, सकाळी ६.१०

गजर लावून उठलो. वायर रात्री काढली होती. न काढता झोपून बघितलं परवा, तीनदा उठलो.

पाना खरंच गार लागत नाही. दोन वेढे दिले. बॉनेट वीतभर वरून सोडलं. ठप्प. घरात कुणीच उठलं नाही.

फोन वाजला. बेबी. लावलीत? लावली. बरं, ठेवते म्हणाली.