पंचविसावी नटी

३ मे
अखेर अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये आपलं घर. सुवर्णाला किचन आवडलं, लेकीला, रुचाला, वायफाय, मला बेसमेंट. पन्नाशीच्या नवऱ्याला घरात एवढीच जागा सुटते. तिथल्या कपाटात आधीच्या कुणाचा तरी अल्बम सापडला. शंभरेक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून निघायची ती कार्डं. चोवीस नट्या: पिसांच्या टोप्या, आवळलेल्या कमरा, सगळ्या हसऱ्या. पंचविसावा चौकोन रिकामा. खाली छापलंय की जागा रिकामी ठेवू नये, बदली चालेल.

५ मे
सुवर्णा दरवर्षी मंडळाच्या नाटकात असते आणि काम छान झालं हे दरवर्षी मलाच सांगावं लागतं. ग्रीन कार्डासाठी काढलेले तिघांचे फोटो एका पाकिटात उरले होते, ते हसायला मनाई असलेले. तिचा एक मापात कापून रिकाम्या चौकोनात चिकटवला. म्हणाली, चला, तुझ्या लेखी एकदाची नटी झाले. रुचा म्हणाली, बाबा, दॅट्स क्रीपी.

९ मे
फोटोतली सुवर्णा हसतेय. डोक्यावर पिसांची टोपी.
खरी सुवर्णा चार दिवस हसलेली नाही. माझ्या विनोदांना ती एरवीही हसत नाही, म्हणून लक्षात यायला उशीर झाला.

१२ मे
बोलणंही बंद. नुसती समोर तोंड करून उभी राहते. खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस बरं वाटलं.
आज सिंकपाशी ती वळली. बाजूनं दिसलीच नाही. पत्त्याची कड दिसावी तेवढी एक रेघ.

१३ मे
फोटो उचकटायला गेलो. कोपरा फाटला. वर रुचा किंचाळली.
सुवर्णाच्या कपाळाला चीर. रक्त नाही. आत पांढरा पुठ्ठा.

१४ मे
बदली चालेल. म्हणजे दुसरं कुणीतरी.
पाकिटात माझा एक फोटो, रुचाचे दोन. माझं सोमवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, टीम माझ्यावर अवलंबून — रुचाचा फोटो हातात घेतला. फक्त माप बघत होतो. मान वर केली तर रुचा जिन्यात उभी. नजर माझ्या हातातल्या फोटोवर.

१५ मे
वर सुवर्णा हसतेय. मोठ्यानं. पोह्यांच्या फोडणीचा वास.
रुचा म्हणाली, आय फिक्स्ड इट, बाबा. आवाज अगदी शांत.
पाकिटात माझा फोटो नाही, तो पंचविसाव्या चौकोनात — कंबर कुणीतरी आवळतंय — ओठ ताणले जातायत, मला हसायचं नाहीये —
सुवर्णा खाली आली. विचारतेय, बाबा कुठे गेला गं. मी तिच्या शेजारीच तर, नुसती कड तिच्याकडे —