परीक्षेला न बसलेली

बाई, काल मुलीचा गाण्याच्या परीक्षेचा अर्ज भरला आणि दिवसभर तुमच्यावर चिडून होते. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, हे मलाही कळतं. पण हल्ली दहावीला शास्त्रीय गाण्याच्या ठरावीक परीक्षा पास असल्या की वाढीव गुण देतात, आणि अकरावीच्या यादीत अर्ध्या गुणानं पोरं खाली घसरतात. त्यामुळे साताऱ्यात आमच्या बँकेत ज्यांची मुलं आठवी-नववीत आहेत ते सगळे मलाच विचारायला येतात, "मॅडम, या परीक्षांचा अ‍ॅडमिशनला खरंच उपयोग होतो का हो?" मी सांगते, होतो की. माझाच झाला. बारावीनंतर सांगलीच्या ज्या कॉलेजात मला प्रवेश मिळणं कठीण होतं, तिथं तुमच्याकडे शिकून मिळवलेली माझी गाण्याची सर्टिफिकेटं बघून गॅदरिंगवाल्या सरांनी शब्द टाकला होता. कॉलेजला युवक महोत्सवासाठी गाणारी मुलगी हवी होती. मी गेले, गायले, बक्षीसही आणलं. पुढची नोकरी त्या कॉलेजमुळेच. तेव्हा तुमचे उपकार आहेतच, ते मी नाकारत नाही.

पण तुमच्या घराच्या दोन खोल्या मला अजून दिसतात. बाहेरच्या खोलीत आम्ही परीक्षेच्या मुली. रविवार सकाळ, पेटी, सतरंजी, आणि तुम्ही सांगताय त्या ताना आम्ही लिहून घेतोय. आलाप लिहिलेला, ताना लिहिलेल्या, कुठं थांबायचं तेही लिहिलेलं. ते घरी जाऊन पाढ्यांसारखं पाठ करायचं. आणि आत स्वयंपाकघरात ती. इस्लामपूरहून एसटीनं यायची, वडील फौजेत, आई उसाच्या रानात. तिला परत जायच्या गाडीला वेळ असायचा म्हणून तुम्ही तिला आत बोलवायचात. तुम्ही चपात्या लाटताय, ती ओट्याला टेकून गातेय. पेटी नाही, वही नाही. तुम्ही मधेच लाटणं थांबवता आणि म्हणता, "अंहं, परत." ती परत गाते. आम्ही वर्षात ढीगभर राग उरकले, ती एकाच रागात घोटाळत राहिली. आणि मला बाहेर बसून स्पष्ट कळत होतं की खरा क्लास आत चाललाय.

एकदा मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले. खरं तर मला तिथं बसायचं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू बाहेर बस. तुझी परीक्षा तोंडावर आलीय." तिच्या हातात तेव्हा गूळ-तूप लावलेली चपातीची गुंडाळी होती. मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा तुम्ही मला शाईचं पेन दिलंत, चांगलं भारीचं. घरी सगळ्यांनी कौतुक केलं. मला ती चपाती हवी होती, बाई. इतकी जळले मी तिच्यावर, की शाळेत कुणी इस्लामपूरचं नाव काढलं तरी तोंड फिरवायची.

आणि आता योग बघा. मुलगी मैत्रिणीबरोबर साताऱ्यातच एका क्लासला जायला लागली. फी भरायला गेले तर समोर तीच. इथंच दिलेली, इथंच शिकवते. मुलांशी अगदी शुद्ध बोलते, माझ्याशी मात्र तशीच, "अगं बया, तू व्हय!" मुलगी घरी येते ती तिचंच गुणगान करत. मी विचारते, परीक्षेच्या ताना पाठ झाल्या का? ती म्हणते, "मॅडम म्हणतात आधी सा नीट लाव, ताना कुठं पळून जात नाहीत." आधी बाई नेल्या, आता मुलगी.

अर्जावर तिची सही लागते म्हणून परवा गेले. मला वाटलं, ती नाक मुरडेल, परीक्षेनं गाणं येत नाही वगैरे ऐकवेल. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. तर तिनं सही केली आणि म्हणाली, "बसव गं तिला. लय उपेग हुतोय. माझं बघ की. आमच्या आण्णांनी तवा त्याच कॉलेजात माझ्यासाठी इचारलं, तर त्ये म्हनले गान्याचं सर्टिफिकेट दावा. माझ्याकडं एक बी न्हवतं. बाईंना कितींदा म्हनलं, मला बी बसवा परीक्षेला. त्या म्हनायच्या, 'तुला कशाला?' गावची पोर, करून करून काय करनार, आसंच वाटलं आसंल त्यांना. तुझ्या त्या सर्टिफिकेटांच्या फायलीवर लय जळायची मी."

म्हणजे ती आयुष्यभर रडतेय त्या दोन शब्दांवरून! आणि मी तिच्यासमोर बसून मनात म्हणतेय, मला एकदा, एकदाच म्हणाला असतात "तुला कशाला?" तर मी सगळी सर्टिफिकेटं कृष्णेत सोडून दिली असती. तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही कळणार नाही. मी तिची समजूत घालायला हवी होती. सांगायला हवं होतं की अगं, तो अपमान नव्हता, बाईंना तुझा गळा परीक्षेत घालवायचा नव्हता. पण मी तिनं केलेला चहा प्यायले आणि सही घेऊन आले.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या आणि मॅडमच्या बाई एकच होत्या ना? कशा होत्या गं?" मॅडमनाच विचार, असं म्हणणं सरळ होतं. पण मी तिला जवळ बसवलं आणि भरभरून सांगत सुटले. आणि बोलता बोलता सांगितलं की मी परीक्षेला बसायचं म्हटलं की बाई म्हणायच्या, "तुला कशाला?" तिचे डोळे असे चमकले! माझ्याकडे तिनं असं याआधी कधी बघितलं नव्हतं. आता रविवारी क्लासला गेली की मॅडमना सांगणारच ती. सांगू नकोस, एवढं म्हणायचं अजून माझ्याच्यानं झालेलं नाही.