आतून ठोका येणार नाही

मी एमॉस ट्रेडवेल, वय एकोणसत्तर, राहणार मिलवॉल, लंडन, धंदा जहाजांच्या पत्र्यांना रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारे तापवलेले जाड खिळे, मारण्याचा. कान केव्हाच गेले, छातीही आता साथ देत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

घर भाड्याचे आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. पलंग, शेगडी आणि चहाची किटली शेजारीण फीबी लार्किन हिला द्यावी. आजारपणात सूप तिनेच पाजले आणि शिव्याही तिनेच दिल्या.

माझी पत्नी केझाया हिची प्रवासाची पेटी कोणीही विकू नये. आम्ही 'ग्रेट ईस्टर्न' बांधत होतो तेव्हा ती घेतली. वाटेत कोळसा न भरता ऑस्ट्रेलिया गाठायचा, म्हणून ते लोखंडी जहाज एवढे अवाढव्य, दुहेरी भिंतींचे केले होते. आम्ही दोघे त्यातूनच जाणार होतो. जहाज ऑस्ट्रेलियाला कधी गेलेच नाही, आणि केझाया मिलवॉलमध्येच वारली. पेटी माझ्यासोबत पुरावी.

हातोडा माझा धाकटा भाऊ रूबेन याला द्यावा. जहाजाच्या दोन भिंतींमधल्या फटीत बसून तो तापलेला रिवेट आतून दाबून धरी आणि मी बाहेरून हातोडा मारी. एकमेकांची तोंडे दिसत नसत. त्याने आतून दोनदा ठोकले की समजायचे, धरला आहे, मार.

जहाज आडवे नदीत ढकलायचे होते, ते जवळजवळ तीन महिने काठावरच अडून बसले. तेव्हा गुत्त्यात रूबेन सर्वांदेखत म्हणाला, "काय रे दादा, ढकलूनसुद्धा हलत नाही ते तुला ऑस्ट्रेलियाला नेणार होय? वहिनीला सांग, त्या पेटीत बटाटे भरून ठेव म्हणावं!" सगळे हसले. केझाया दारातच उभी होती. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. पुढे कितीतरी जहाजांवर एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना आम्ही काम केले, ते केवळ ठोक्यांवर. त्याचे म्हणणे खरे ठरले, हेच मला सोसले नाही.

आता ते जहाज मर्सी नदीकाठी मोडायला घेतले आहे. रिवेट सुटता सुटत नाहीत म्हणे. आमचेच आहेत ते. हे कळले आणि मला रूबेनची फार आठवण आली.

शेवटची अट एवढीच. माझ्या शवपेटीचे खिळे रूबेननेच ठोकावेत. या खेपेस आत मी असेन, आणि आतून दोनदा ठोकणे मला जमणार नाही. त्याने वाट पाहत बसू नये. मी धरला आहे असे समजून मारावे.

हे साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

एमॉस ट्रेडवेल
साक्षीदार: ओबडाया स्ट्रडविक, लोहार
साक्षीदार: सायलस व्हेनर, सुतार
मिलवॉल, १४ नोव्हेंबर १८८९