गच्चीवरची रानबडीशेप

१४ एप्रिल
आलं! आलं! मोठं पिवळं-काळं फुलपाखरू, माझ्या गच्चीवर! रानबडीशेपेवर अंडी घालून गेलं. ओढ्याकाठचं बी आणून पिंपात पेरलं, तेव्हा अताफवहिनी म्हणाली होती, "रुदैना, आपल्या सल्त गावच्या डोंगरावर हे तण कमी उगवतं का, म्हणून आता गच्चीतही?" उगवू दे! पाणी तरी कुठे मागतं? टँकर आठवड्यातून एकदा येतो, आंघोळीलाच पुरत नाही.

२७ एप्रिल
अळ्या! हिरव्यागार, काळे पट्टे, नारिंगी ठिपके. वहिनी सुरी घेऊन वर आली — ऑम्लेटात घालायला बडीशेप हवी! हात पसरून पिंपासमोर उभी राहिले.
"एकेचाळीस वर्षांची घोडी झालीस, आणि किड्यांसाठी भांडतेस! शुक्रवारी तुला बघायला येताहेत. जरा शहाण्यासारखी वाग."
परत बघायला. मागच्या वेळचा पाहुणा माझं वय ऐकून अर्धी कॉफी टाकून गेला होता.

१ मे
हसून हसून पोट दुखतंय!
बघायला आला तो मिकदाद — आपला टँकरवालाच! सोबत त्याची आई. दादाने हौसेने गच्ची दाखवायला नेलं. आईच्या बाहीवर अळी चढली. तिने झटकायला बोट लावलं, तर अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं काढली — आणि काय तो वास! बाई किंचाळत खाली. मागोमाग दादा. आम्ही दोघंच उरलो. त्याने खाली पडलेली अळी अलगद उचलून पानावर सोडली.
"या बडीशेपेला पाणी किती लागतं?"
"जवळजवळ नाहीच."
"म्हणजे माझा धंदा बसला!"
आणि हसला. पुढच्या दातांत फट आहे. किती छान फट!

३ मे
निरोप आला — किडे पाळणारी सून नको. वहिनी रडली. मी नाही. थोडीशी.

८ मे
आमची पाळी नसताना टँकर दारात! वरून ओरडले, "आज कशाला?"
"बडीशेपेची चौकशी करायला!"
अख्खी गल्ली खिडक्यांत. वहिनी ओढणीआड हसत होती. "वर बोलाव गं त्याला!"
दादासमोर बसून म्हणाला, "आईला मनवतो. तोवर थांबशील?"
लगेच होकारार्थी मान हलवली. दादा काही बोलायच्या आधीच!

५ जून
बडीशेपेवर पिवळ्या फुलांच्या छत्र्या उमलल्या. मधमाश्यांचा नुसता गोंगाट! पहिलं फुलपाखरू कोशातून निघालं, माझ्या मनगटावर बसून पंख वाळवत राहिलं. कामावर उशीर. होऊ दे!

२१ जून
त्याची आई आली. एकटी. कॉफीला हात लावेना — मागणी घालताना आमच्याकडे हीच रीत. "आधी हो म्हण, मग पिते."
म्हटलं. गारढोण कॉफी एका घोटात प्यायली.