बिबड्यांच्या दिवशी भरलेला कागद

माय, आज वर्गात एका पोरीला मी रडवलं. बोदवडहून रोज गाडीने येणारी, पहिल्या बाकावर बसणारी, गुणी पोरगी. सामाजिक मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी मुलांनी आपापल्या गावात जाऊन प्रश्नावल्या भरून आणायच्या होत्या. बाकीच्यांच्या पाच-सहा झाल्या असताना हिने एका दिवसात पंचवीस आणल्या. कशा गं आणल्यास, म्हणून विचारलं, तर मोठ्या हौसेने सांगायला लागली की बचत गटाची मीटिंग होती, सगळ्या बायका एकाच जागी सापडल्या, बसल्या बसल्या भरून घेतल्या. माझं डोकंच फिरलं. गठ्ठा तिच्या बाकावर आपटला आणि रद्दीत घाल म्हणाले. चूक तिची होती, पण एवढं बोलण्याइतकी नव्हती. तास अर्धवट टाकून स्टाफरूममध्ये येऊन बसले आहे आणि तुला लिहिते आहे. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला अक्षर कुठे लागत होतं? तरी लिहिते.

तुला आठवतं का, एमएच्या शेवटच्या वर्षी मीसुद्धा असाच एक गठ्ठा घेऊन घरी आले होते. बायका आपलं दुखणं घरात सांगतात की अंगावर काढतात, हा माझा विषय. आपल्या गावातल्या पंचवीस बायकांना मला प्रश्न विचारायचे होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावून सांगितलं होतं की प्रत्येकीला एकटीला गाठ, घाई करू नकोस, दुसऱ्या कुणाच्या कानावर उत्तर जाता कामा नये. मी मान डोलावली आणि गावी आल्यावर दोन दिवसांत कंटाळले. कुणी शेतात, कुणी पाचोऱ्याच्या बाजाराला, आणि जी घरात सापडे तिच्या शेजारी तिची सासू. मी उन्हातून तोंड पाडून परत आले की तू पाणी द्यायचीस. तिसऱ्या दिवशी तूच म्हणालीस, "घरोघर कसाले फिरस तू उन्हमा? बिबड्यासना दिन बठ्ठ्या आपलाच घर येतीन."

बिबडे म्हणजे आपल्या गल्लीचा उन्हाळ्यातला सणच. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, सगळ्या जणी पहाटेपासून ज्वारीचे पापड थापायला. आपली पाळी आठवड्यानंतर होती. तू दोन घरांत जाऊन ती बदलून घेतलीस, ज्वारी आधीच भिजवलीस, आणि सगळ्यांना सांगत फिरलीस, "मन्ही आंडेर पुस्तक लिखी राहिनी." पुस्तक कसलं गं! चार पानांची प्रश्नावली ती, तीही झेरॉक्स. पण तुझी मुलगी पुस्तक लिहीत होती, तर गल्लीने यायलाच हवं होतं. आणि एक सोडून आल्या सगळ्या.

अंगणात खाटा मांडल्या होत्या, त्यांच्यावर ओली लुगडी. चुलीवर मोठं पातेलं. ते पीठ हाटायचं काम दरवर्षी तुझंच असायचं. पदर खोचून, पाय रोवून तू तो लाकडी चाटू असा फिरवायचीस की बाकीच्या म्हणायच्या, हिला बैल जुंपायची गरज नाही. त्या दिवशी चाटू तू शेजारच्या काकूंच्या हातात दिलास आणि खाली बसून थापायला लागलीस. डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर ठेवलेला. तुझे बिबडे वेडेवाकडे होत होते आणि कुणीतरी हसलंसुद्धा. मी ते पाहिलं, माय. पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पहिला प्रश्न मी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारला, कारण मोठ्यांपासून सुरुवात करायची आपली रीत. गेल्या वर्षात असं काही दुखणं झालं का, जे तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाही? आजीने ओला हात लुगड्याला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आम्हले काय धाड भरनी? बाईना जलमले दुखनं लागेलच शे. त्येनं काय सांगानं?" सगळ्या हसल्या. मी 'नाही'वर खूण केली. पुढची म्हणाली, आजी म्हणतात तसंच. तिच्या पुढचीने नुसती मान हलवली. दुपार व्हायच्या आत चोवीस कागद झाले आणि चोवीस 'नाही'. एकही बाई वेगळं बोलली नाही, यात काही खटकायला नको होतं का? मला तर आनंद झाला, कारण बेरीज करायला सोपं.

पंचविसावी बाई आलीच नाही, माहेरी गेली होती. म्हणून पंचविसावा कागद तुझा. त्यावरही 'नाही' आहे. या कागदांवरून मी निष्कर्ष लिहिला की आमच्या गावातल्या स्त्रिया दुखणं लपवत नाहीत. बाईंनी कपाळाला आठ्या घालून दोन वेळा विचारलं, एकेकीला भेटलीस ना? मी हो म्हणाले. पहिला वर्ग मिळाला. तू पेढे वाटलेस, डाव्या हाताने.

दिवाळीत तुला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उजव्या काखेतली गाठ लिंबाएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी अंगावर काढलंय यांनी. आबा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. मला एवढंच म्हणाले, तू शिकलेली, तुला कसं नाही कळलं? पुढच्या उन्हाळ्यात गल्लीत बिबडे झाले, आपल्या घरी झाले नाहीत.

दहाव्याला जो येई तो सांगे, फार सोशिक बाई होती. मीही रडत रडत हो म्हणायचे. आता दर वर्षी नव्या मुलांना शिकवते की माणूस जे करतो ते आपण पटकन त्याच्या स्वभावावर ढकलतो, तो कुठल्या परिस्थितीत बसला होता ते बघत नाही. कसली सोशिक? तुझी बोटं चुलीला भाजली की तू सगळं घर डोक्यावर घ्यायचीस. आबांनी भाजीला नाव ठेवलं तर दोन दिवस बोलायची नाहीस. तू सोशिक नव्हतीस, माय. तू चोवीस बायकांच्या मध्ये बसली होतीस, आणि समोर तुझी मुलगी कागद घेऊन. चारचौघांत माणूस चारचौघांसारखं बोलतं, आणि विचारणाऱ्याला जे बरं वाटेल ते बोलतं, हे मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूने लिहिते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

ती बोदवडची पोरगी आत्ता दारात येऊन गेली. डोळे सुजलेले. कोरे कागद हवेत म्हणाली, रविवारी एकेकीच्या घरी जाऊन परत विचारते. मी दिले. आईला विचारलंस का, असं तोंडातून निघून गेलं. तिला काही समजलं नाही, हो म्हणाली आणि गेली.

हे पत्र त्या जुन्या फाइलमध्ये तुझ्या कागदाशेजारी ठेवीन, दुसरीकडे कुठे ठेवणार? पण एक सांगायचं राहिलंय. आबांना त्या व्हरांड्यात मी उत्तर दिलं होतं की मी तिला विचारलं होतं, तिनेच नाही सांगितलं. आबांनी ते मरेपर्यंत खरं मानलं. भावाला तेच सांगितलं, नवऱ्याला तेच. इतक्या वेळा सांगितलं की तो प्रसंग मला दिसायलाही लागला. पण तसं झालं नव्हतं. ऊन चढलं होतं, मला परतीची गाडी गाठायची होती, आणि तुझा एकच कागद उरला होता. मी तुझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं पण नाहीच लिहू ना, माय?" तू थापायची थांबलीस. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलीस, ते मला न बघताही कळलं.

मग तू म्हणालीस, "लिखी ले, बेटा."

मी तुला विचारलंच नव्हतं.