गव्याने दिलेला झोका

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता आलं ते तू गेल्यावर, पोरांच्या पाट्या पुसता पुसता. तेव्हा चुका काढायला कुणी नाही. आज नातसुनेने ओटीवर पाळणा टांगला आणि मला सड्यावरचा तो कार्तिकातला दिवस आठवला. माझे यजमान आगबोटीने मुंबईला गिरणीवर परतले होते, मी अंगावरचं पोर घेऊन तुझ्याकडे राहिले होते. घाटाखालच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, आपण दोघीच गवत कापायला गेलो. पोराची झोळी तू किंजळीच्या फांदीला बांधलीस. खोडाची साल घासून गुळगुळीत, वर वाळका चिखल. "म्हशी अंग घासतात गो," तू म्हणालीस, "घासल्या झाडाला मुंग्या चढत नाहीत." तो चिखल माझ्या डोक्याच्याही वर होता. एवढी उंच म्हैस कुणाच्या गोठ्यात असते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

मग वरच्या रानातून आवाज आला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी लांब हुंकार द्यावा तसा. गवे माद्यांमागे फिरायचे, एकमेकांवर धावून जायचे ते दिवस. तेव्हा गव्यासमोर जाणं म्हणजे मरणच. तो कारवीतून निघाला, काळाकभिन्न, पाय तेवढे गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि सरळ किंजळीकडे गेला. मी ओरडणार तोच तुझं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"तोंड मिट. काप."

"आये, माझा पोर..."

"काप म्हणते ना! विळ्याचा आवाज सकाळधरनं त्याच्या कानात हाय. थांबलीस तर बघंल."

मी कापते आहे. मूठ धरते, ओढते, टाकते. हातात गवत आहे की माती, कळत नाही. गवा खोडाला खांदा घासतो आहे, झाड हलतं आहे आणि शिंगापासून हातभरावर माझं पोर झोके घेत निजलं आहे. तू कापत कापतच पुढे सरकतेस, ओठांत पुटपुटतेस, "निज रे माज्या राजा, निज." तेवढ्यात गवा घासायचा थांबला. झोका थांबला, तसं पोर रडलं. गव्याने मान वळवली, झोळीला नाक लावलं. माझा विळा थांबला, तुझा नाही. पलीकडच्या डोंगरातून दुसऱ्याचा हुंकार आला नसता तर पुढे काय, ते मी आजही मनात येऊ देत नाही. तो फुसकारला आणि त्या आवाजामागे गेला. झोळी सोडताना बघितलं, तुझं बोट चिरून पदर लाल झाला होता. "गवत लागला," म्हणालीस.

त्यानंतर तू नातवाला कधी झोका दिला नाहीस. "तूच दे गो," म्हणून उठून जायचीस. मला वाटायचं, तुझी माया आटली.

मघाशी नातसुनेने दोरी माझ्या हातात दिली. मी पणतवाला उचलून मांडीवर घेतलं आणि तिला सांगितलं, माझे हात दुखतात. हात दुखत नाहीत, आये.