मुखेडच्या गाडीतला डबा

लातूर, मंगळवार

आबांना पंचशीलाचा जयभीम.

मी बरी हाय, क्लास नीट चालू हाय. डबा पोचला.

कंडक्टरकाकांनी सगळं सांगितलं. शुगरची गोळी घेऊन उपाशीच गाडी गाठायला पळालात. डबा देताना घाम फुटला अन् स्टँडवरच पडलात. लोक म्हणले, पिऊन पडलाय. आबा, तुम्ही जन्मात कधी थेंब घेतला न्हाई. चहावाल्या मावशीनं तोंडात साखर घातली, तवा डोळे उघडले. अन् उठल्याबरोबर म्हणलात, पोरीला सांगू नका.

आता गोळी घेतली की आधी जेवत जा. डबा दुपारच्या गाडीनं आला तरी चालंल. आई असती तर उपाशी सोडलंच नसतं.

आज डब्यात चार भाकरी निघाल्या. मी दोनच खाते, आबा.

तुमचीच,
पंचशीला